सेप्सिसचा पेशंट आणि आयसीयूतली पहिली रात्र

रात्री पावणेबाराला कॅज्युअल्टीतून फोन येतो. "एक बाई पाठवतोय वर. तीन दिवस ताप, शुगर आहे, बीपी लागत नाहीये. सेप्सिस वाटतंय." फोन ठेवेपर्यंत लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज येतो. सीनियर घरी आहेत आणि बेडपाशी तुम्ही आणि सिस्टर.

हा लेख त्या तुमच्यासाठी आहे. पहिल्या वर्षाचे रेसिडेंट, बॉण्डवर आलेले मेडिकल ऑफिसर, जनरल वॉर्डातून आयसीयूत बदलून आलेल्या सिस्टर. मी सांगतोय ते मोठ्या माणसांच्या सेप्सिसबद्दल. लहान मुलांचं गणित वेगळं असतं. सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो: सेप्सिसमध्ये एकच मोठं काहीतरी करून हात झटकता येत नाहीत. थोडं करायचं, घड्याळ बघायचं, परत बेडपाशी जायचं. सगळ्यात जास्त चुका हे परत जाणं राहून गेल्यामुळे होतात.

आधी ओळखा

२०१६ साली सेप्सिसची व्याख्या बदलली. जंतुसंसर्गाला शरीर जे उत्तर देतं तेच हाताबाहेर जातं आणि त्यातून अवयव निकामी होऊ लागतात, तो सेप्सिस. म्हणजे ताप आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी एवढ्यावर सेप्सिस ठरत नाही, आणि ताप नाही म्हणून तो नाकारताही येत नाही. म्हातारी माणसं, स्टेरॉइडवरचे पेशंट, डायलिसिसवाले यांना कित्येकदा ताप येतच नाही. उलट अंग गार पडलेला सेप्सिस जास्त वाईट.

बेडपाशी गेल्यावर मॉनिटरकडे नंतर बघा. आधी नाव विचारा. "मावशी, कुठे आलात?" या प्रश्नाला उत्तर नीट येत नसेल तर मेंदूपर्यंत पोचलंय. मग श्वास मोजा, स्वतः मोजा, छातीवर हात ठेवून पूर्ण एक मिनिट. मॉनिटरवरचा श्वासाचा आकडा बेभरवशाचा असतो आणि फायलीत "२०" लिहिण्याची आपल्याकडे सवयच आहे. श्वास २२ किंवा जास्त, वागण्यात फरक, वरचं बीपी १०० किंवा कमी, या तिन्हीपैकी दोन दिसली तर धोका मोठा आहे. मात्र ही तीन चिन्हं नसली म्हणून सेप्सिस नाही असं समजू नका. एवढ्या एकाच चाळणीवर विसंबू नये असं २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही स्पष्ट म्हटलंय.

आता गुडघे बघा. गुडघ्याभोवती निळसर जाळी उमटली असेल तर कातडीपर्यंत रक्त पोचत नाहीये. नंतर बोटाचं टोक दाबा: १० सेकंद घट्ट दाबून सोडा आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजा. ३ सेकंदांपेक्षा जास्त म्हणजे गडबड. सावळ्या कातडीवर हे नखाखाली किंवा बोटाच्या पेरावर बरं दिसतं, आणि उजेड चांगला हवा. आयसीयूतला एसी १८ वर ठेवलेला असेल तर सगळ्यांचीच बोटं गार लागतात, तेही ध्यानात ठेवा. या साध्या तपासणीला कमी लेखू नका. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात दर अर्ध्या तासाला बोट दाबून उपचार ठरवणं हे लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारं आम्ल) बघून ठरवण्यापेक्षा कुठेही मागे पडलं नाही. ज्या हॉस्पिटलात रात्री लॅक्टेट होत नाही, तिथे तर बोटच तुमचं मशीन.

समजा, आलेल्या मावशी ५८ वर्षांच्या, अंदाजे ६० किलो वजनाच्या आहेत. पल्स १२८, बीपी ८२/४०, श्वास ३२, शुगर ४१०, गुंगी, उजव्या कुशीत दुखतंय, लॅक्टेट ५.८. सरासरी बीपी काढा: खालचं दोनदा, वरचं एकदा, भागिले तीन. ५४ येतं. आपल्याला ६५ हवंय. पुढचं सगळं या मावशींना धरूनच सांगतो.

पहिला तास: कल्चर आणि पहिला डोस

दोन जाड शिरा मिळवा. एकीतून रक्त घेतानाच ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घ्या. बाटलीचं बूच स्पिरिटने पुसा, वाळू द्या, हातात स्वच्छ ग्लोव्ह्ज घाला. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं. ३ मिली टाकून "कल्चर पाठवलं" म्हणणाऱ्यांना पाच दिवसांनी "नो ग्रोथ" मिळतो आणि मग अँटिबायोटिक कमी करायला कुणाची हिंमत होत नाही. दोन वेगवेगळ्या जागांहून दोन सेट घ्या. युरीनचा नमुनाही आत्ताच घ्या, कॅथेटर घालताना आलेला पहिला ताजा, पिशवीतला नको.

पण कल्चरसाठी अँटिबायोटिक अडवून ठेवू नका. शिरा मिळत नाहीत, पाऊण तास गेला, तर कल्चर राहू द्या आणि डोस द्या. शॉकमधल्या (बीपी पडून अवयवांना रक्त न पोचणाऱ्या) पेशंटला पहिला डोस तासाभरात गेला पाहिजे. बीपी ठीक आहे आणि सेप्सिस की आणखी काही याची खात्री नाही, अशा पेशंटमध्ये तीन तासांपर्यंत तपास करायला हरकत नाही. प्रत्येक तापाला मेरोपेनेमसारखं भारी अँटिबायोटिक हा यावरचा उपाय नव्हे.

इथे मला माझी एक रात्र सांगायची आहे. रेसिडेंट असताना मी अकराला फायलीत अँटिबायोटिक लिहिलं, "स्टॅट" लिहून खाली दोन रेघा ओढल्या आणि दुसऱ्या पेशंटकडे गेलो. चिठ्ठी पेशंटच्या मुलाच्या हातात गेली. खालच्या मेडिकलमध्ये ते औषध नव्हतं. मुलगा मोटरसायकल घेऊन गावात फिरला, बंद शटर वाजवली, एका ठिकाणी पैसे कमी पडले म्हणून परत आला. डोस शिरेत गेला पावणेतीनला. फायलीत मात्र अकराच लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. त्या दिवसापासून मी ऑर्डरची वेळ लिहीतच नाही. डोस शिरेत गेला ती वेळ लिहितो, आणि ती सिस्टरकडून विचारून घेतो.

म्हणून व्यवहाराचं बोलायचं तर, तुमच्या युनिटमध्ये लागणाऱ्या दोन-तीन अँटिबायोटिक्सचा पहिला डोस आयसीयूच्या कपाटात असला पाहिजे. वापरल्यावर नातेवाइकांकडून मागवून परत ठेवायचा. हे कपाट भरलेलं ठेवण्यासाठी इन्चार्ज सिस्टरशी जुळवून घ्या. तुमच्या डिग्रीपेक्षा ते जास्त कामाला येईल.

कुठलं द्यायचं? तुमच्या हॉस्पिटलचा अँटिबायोग्राम (कुठल्या जंतूवर कुठलं औषध चालतं त्याचा तक्ता) भिंतीवर असेल तर तो बघा. आपल्याकडे लघवीच्या मार्गातले कित्येक ई. कोलाय साध्या सेफालोस्पोरिनला दाद देत नाहीत. मावशींसारख्या शॉकमधल्या पेशंटला म्हणूनच बऱ्याच युनिटमध्ये मेरोपेनेम १ ग्रॅमने सुरुवात होते. क्रिएटिनिन ३ आहे, म्हणजे किडनी मंदावली आहे, म्हणून पहिला डोस अर्धा करू नका. पहिला डोस पूर्णच जातो. किडनीप्रमाणे कपात पुढच्या डोसांत. दोन अँटिबायोटिक्स द्यायची असतील आणि लाइन एकच असेल, तर जे मिनिटांत देता येतं ते आधी द्या. व्हँकोमायसिनला तास-दीड तास लागतो, ते नंतर. आणि सेफ्ट्रायाक्सोन देताना त्याच लाइनमधून आरएल (रिंगर लॅक्टेट) चालू असेल तर थांबा: आरएलमधल्या कॅल्शियमबरोबर त्याचा साका बसतो. लाइन एनएसने (नॉर्मल सलाईनने) फ्लश करा, मग द्या.

सलाईन किती, आणि कधी थांबायचं

पुस्तकात आकडा असतो वजनाच्या किलोमागे ३० मिली, पहिल्या तीन तासांत. मावशींना १८०० मिली, म्हणजे साडेतीन बाटल्यांच्या आसपास. हा आकडा २०२१ मध्ये "शिफारस" या पायरीवरून "सुचवतो" या पायरीवर खाली आलाय, आणि ते योग्यच झालं. मी स्वतः हा आकडा एका दमात वापरत नाही. एक बाटली, ५०० मिली, पंधरा-वीस मिनिटांत. मग परत बेडपाशी: बोट दाबा, बीपी बघा, छातीला स्टेथो लावा, पाठीमागून, खालपर्यंत. करकर नवीन आली का? सॅच्युरेशन उतरलं का? नाही, आणि बोट अजून गार, तर दुसरी बाटली. पाय उचलून ४५ अंशांवर धरले आणि मिनिटभरात बीपी वर सरकलं, तर सलाईनचा उपयोग होण्यासारखा आहे. सोनो मशीन हाताशी असेल आणि चालवता येत असेल तर हृदय आणि फुप्फुसं बघून घ्या.

आरएल की एनएस? मी आरएल घेतो. लिटरच्या लिटर एनएस दिलं की क्लोराइड वाढतं, ॲसिडोसिस (रक्तातलं आम्ल) वाढतो, आणि मग तो ॲसिडोसिस सेप्सिसचा की आपला, हे कळेनासं होतं. स्टार्चच्या बाटल्या सेप्सिसमध्ये किडनीला घातक ठरल्या आहेत. कपाटात दिसल्या तरी हात लावू नका.

जास्त सलाईन म्हणजे जास्त काळजी, हा समज आपल्याकडे नातेवाइकांतही आहे आणि डॉक्टरांतही. २०१७ साली झाम्बियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सेप्सिस आणि कमी बीपी असलेल्या मोठ्या माणसांना, त्यांतले बहुतेक एचआयव्हीबाधित, ठरावीक प्रोटोकॉलने लवकर आणि जास्त सलाईन दिलं गेलं. त्या गटात ४८ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांत ३३ टक्के. तिथे व्हेंटिलेटर जवळपास नव्हतेच. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोनला व्हेंटिलेटर रिकामा असतोच असं नाही, म्हणून मला हा अभ्यास मोठ्या शहरांतल्या चकचकीत अभ्यासांपेक्षा जवळचा वाटतो. पेशंटला बुडवलं तर बाहेर काढायला तुमच्याकडे काय आहे, हा प्रश्न तिसरी बाटली लावायच्या आधी विचारायचा.

नॉरॲड: उशीर नको, घाईत चूकही नको

मावशींचं खालचं बीपी ४० आहे. म्हणजे रक्तवाहिन्या सैल पडल्यात. अशा वेळी सगळी सलाईन संपायची वाट बघत बसायचं नाही, पहिल्या-दुसऱ्या बाटलीबरोबरच नॉरॲड (रक्तवाहिन्या आवळून बीपी चढवणारं नॉरॲड्रिनलिन) लावायचं. सेंट्रल लाइन (मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी) नाही? हरकत नाही. कोपराच्या खोबणीत किंवा त्याच्या वर चांगल्या चालणाऱ्या जाड शिरेतून सुरू करा, आणि सेंट्रल लाइनची तयारी करा. मनगटावरची, हाताच्या मागची बारीक शीर यासाठी नको. ज्या हातातून नॉरॲड चाललंय त्याच हाताला बीपीचा पट्टा बांधू नका. दर तासाला ती जागा बघा: पांढरी पडली, सुजली, दुखली की ताबडतोब दुसरीकडे हलवा.

अँपूल फोडण्याआधी लेबल वाचा. आपल्याकडच्या अँपूलवर कधी बायटार्ट्रेटचे मिलिग्रॅम मोठ्या अक्षरात असतात आणि बेसचे बारीक अक्षरात. २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे १ मिलिग्रॅम बेस. हिशोब बेसवर करायचा. ४ मिलिग्रॅम बेस, ५ टक्के डेक्स्ट्रोज घालून ५० मिली केलं, की मिलीमागे ८० मायक्रोग्रॅम होतात. मावशींना मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचं तर मिनिटाला ६, तासाला ३६० मायक्रोग्रॅम, म्हणजे पंपावर तासाला ४.५ मिली. हा हिशोब एकदा स्वतः कागदावर करा, मग सिस्टरना करायला सांगा, दोन्ही जुळले की पंप चालू. सिरिंजवर स्टिकर लावा, त्यावर बेस किती तेही लिहा.

त्या लाइनमधून दुसरं काहीही द्यायचं नाही. अँटिबायोटिक नाही, फ्लश तर मुळीच नाही. लाइनमध्ये साठलेलं नॉरॲड एकदम आत गेलं की बीपी २०० वर जातं. आणि सिरिंज संपण्याची वाट बघू नका. ५ मिली उरले की पुढची भरून तयार हवी. पहाटे चारला सिरिंज संपून पंप किंचाळतो, सिस्टर औषध भरत असतात आणि बीपी ५० वर येतं, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की नव्या सिस्टरना पहिल्या दिवशी मी हेच सांगतो.

डोस मिनिटाला किलोमागे ०.२५ मायक्रोग्रॅमच्या वर चढत गेला तर व्हासोप्रेसिन जोडा, तासाला १.८ युनिटच्या आसपास, म्हणजे मिनिटाला ०.०३. तेवढंच नॉरॲड चार तास लागत राहिलं तर हायड्रोकॉर्टिसोन ५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी. डोपामाइनने सुरुवात करायची जुनी सवय अजून काही ठिकाणी आहे. तिने हृदयाचे ठोके बिघडतात, ती सोडा.

पू कुठे आहे?

आतापर्यंत केलं ते सगळं वेळ मिळवण्यासाठी होतं. मिळालेल्या वेळात हे शोधायचं. मावशींच्या उजव्या कुशीत दुखतंय, शुगर ४१०, लघवीला जळजळ. सोनोग्राफीत उजवी किडनी फुगलेली, मूत्रनलिकेत खडा, आत गढूळ पाणी. याचा अर्थ पू तुंबलाय. इथे जगातलं कुठलंही अँटिबायोटिक एकटं पुरत नाही. युरोलॉजिस्टला आत्ता उठवायचं. सकाळच्या राउंडला बघू, हे उत्तर घ्यायचं नाही. स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून पू बाहेर काढायचा. शक्य तितक्या लवकर, सहा ते बारा तासांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. तुमच्याकडे सोय नसेल तर नॉरॲड चालू ठेवून, पहिला डोस देऊन पुढे पाठवा. पाठवायचं ठरलं की लगेच निघा.

बाकी पेशंटमध्ये कुठे शोधाल? चादर पूर्ण बाजूला करा आणि पेशंट कुशीवर वळवा. वॉर्डातल्या मामांना (वॉर्डबॉयना) हाक मारावी लागेल, मारा. पाठीचं बेडसोअर, बोटांच्या बेचक्या, मधुमेह्याच्या तळपायाला बांधलेलं फडकं, बाळंतिणीचं गर्भाशय, पोटाचा कडकपणा. पायाच्या किंवा मांडीच्या कातडीत दिसतंय त्यापेक्षा भयंकर दुखत असेल, बोटाखाली चरचर लागत असेल, तर सर्जनला फोन लावा आणि "नेक्रोटायझिंग" (कातडीखालचं मांस झपाट्याने सडवणारा संसर्ग) हा शब्द पहिल्या वाक्यात वापरा. आठवडाभर आयसीयूतच असलेला पेशंट अचानक बिघडला, तर आधी आपण घातलेल्या नळ्या बघा. जुनी सेंट्रल लाइन संशयित असेल तर नवी घालून ती काढा.

जून ते नोव्हेंबर

आपल्याकडच्या पावसाळ्यात सेप्सिससारखा दिसणारा प्रत्येक पेशंट जिवाणूंच्या नेहमीच्या यादीत बसत नाही, आणि परदेशी पुस्तकं यावर फारसं बोलत नाहीत. ताप, प्लेटलेट कमी, किडनी-लिव्हर दोन्ही बिघडलेले, श्वास लागलेला. मग विचारा: शेतात काम करता का, भातलावणी झाली का, गुडघाभर पाण्यातून चालत आलात का? पोटऱ्या दाबल्यावर कळवळतोय, डोळे लाल, कावीळ, तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा संसर्ग) मनात आणा. २००५ च्या पुरानंतर मुंबईत आलेली लेप्टोची साथ ज्यांनी पाहिली, त्यांना हे सांगावं लागत नाही. पेनिसिलिन, सेफ्ट्रायाक्सोन, डॉक्सिसायक्लिन ही त्यावरची साधी, स्वस्त औषधं आहेत.

विदर्भात आणि इतरत्रही स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) आहे. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली शोधा: काखेत, जांघेत, स्तनांखाली, परकराची नाडी बांधतात तिथे. ती दुखत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही. मेरोपेनेमने हा जंतू मरत नाही, डॉक्सिसायक्लिनने मरतो. भारतातच झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गंभीर आजारात शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन दोन्ही दिलेल्यांचं, एकेकटं औषध दिलेल्यांपेक्षा बरं झालं. मलेरियाची स्लाइड आणि रॅपिड टेस्ट प्रत्येकाची करा. आणि डेंग्यूचा शॉक असेल तर वरचा ३० मिलीचा आकडा विसरा, हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारा आकडा) बघत बघत हात आखडून द्या.

रात्रीतली बाकीची कामं

शुगर १८० च्या वर राहिली तर इन्सुलिनचा पंप लावा, पण १४० च्या खाली आणायचा हट्ट धरू नका. शॉकमध्ये बोट टोचून घेतलेल्या शुगरवर विश्वास ठेवू नका, शिरेतलं किंवा धमनीतलं रक्त तपासा. हिमोग्लोबिन ७ च्या वर असेल आणि हृदयाचा त्रास नसेल तर रक्त चढवायची घाई नको. लॅक्टेट दोन-तीन तासांनी परत करा. मावशी मेटफॉर्मिन घेत असतील, लिव्हर खराब असेल किंवा ॲड्रिनलिन चालू असेल तर लॅक्टेट वेगळ्या कारणानेही वर राहतं. लघवी तासाला ३० मिलीच्या खाली जाऊ लागली तर लिहून ठेवा आणि कळवा. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसांचा मध्यंतरी गाजावाजा झाला होता, २०२२ च्या अभ्यासात त्याने उलट नुकसानच दिसलं.

दाराबाहेर

मावशींचा मुलगा आणि दीर बाकावर बसलेत. "रक्तात इन्फेक्शन झालंय" एवढंच सांगून आत पळू नका, त्यांनी ते आधीच गूगल केलेलं असतं. मी साधारण असं सांगतो: "किडनीत पू अडकलाय. त्याचं विष अंगभर पसरल्यामुळे बीपी पडलंय. बीपीचं औषध मशीनने चालू केलंय. पू आज रात्रीच काढावा लागेल. जिवाला धोका आहे. चार तासांनी मी परत येऊन सांगतो." आणि चार तासांनी खरंच बाहेर जा, नवं काही नसलं तरी. खर्चाचं आणि जन आरोग्य योजनेच्या कागदांचं सकाळवर ढकलू नका, रेशनकार्ड-आधार रात्रीच मागवून ठेवा.

सकाळचा हँडओव्हर

"पेशंट सिक आहे, नॉरॲडवर आहे" हा हँडओव्हर नव्हे. दिवसाच्या डॉक्टरला हे हवं: पहिला डोस शिरेत गेला त्याची वेळ, किती मिली सलाईन गेलं, नॉरॲड कितीवर होतं आणि आता कितीवर, लॅक्टेट कितीचं किती झालं, पू निघाला का आणि तो कल्चरला गेला का, कुठले रिपोर्ट यायचे बाकी आहेत. तिसऱ्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट हातात घेऊन मायक्रोबायोलॉजीत स्वतः फोन करा आणि मेरोपेनेमवरून साध्या औषधावर येता येतं का ते विचारा. पू निघालेला, ताप उतरलेला असेल तर सात दिवस बहुधा पुरतात.

मावशींच्या बेडच्या पायथ्याशी लटकवलेल्या चार्टवर शेवटची नोंद सहा वाजताची आहे: नॉरॲड तासाला ३ मिली, बोट २ सेकंद, युरीन ४५. साडेसहाची अजून भरलेली नाही. पेन घेऊन जा.